पहिल्या हाकेला ओ

नांदेड
११ ऑगस्ट २००३

मल्लिकार्जुन,

ख्यालीखुशाली विचारत नाही. तुझ्या लातूरच्या क्लासची जाहिरात इथल्या बसस्थानकावरही लागली आहे. फोटोत बरा दिसतोस.

कामाचं लिहिते. भूकंप नोंदवणारी आपली केंद्रं अजून चालू आहेत. तू सोडून गेलास तेव्हा होती त्यांतली निम्मी. यंदा सगळीकडे नवे संगणक आणि त्यांत बसणारी, थरथर मोजणारी नवी कार्डं येणार आहेत. नवी कार्डं सगळ्यांना पुरणार नाहीत. तुझ्या गावच्या शाळेत नवा संगणक येईल, पण कार्ड जुनंच राहील, आपण केलेलं. गावाचं नाव यादीत शेवटी आहे. ते नेहमी शेवटीच असतं.

तू आता बारावीच्या मुलांना चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखायला शिकवतोस, म्हणून पुढचं सोपं करून लिहिते. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

कार्ड बसवलं म्हणून संगणकाला ते कळत नाही. मध्ये ड्रायव्हर लागतो, दोघांची ओळख करून देणारा प्रोग्राम. नव्या कार्डाच्या पोटात त्याचं नाव लिहिलेलं असतं. संगणक सुरू होताना विचारतो, कोण कोण आलंय, आणि ती आपापली नावं सांगतात. आपल्या कार्डाला नाव नाही. त्याला शोधायचं तर ठरलेल्या पत्त्यावर जायचं, दार वाजवायचं, आतून बरोबर खूण आली तर ते आहे असं समजायचं. तुमच्या गावासारखंच. पुनर्वसनाच्या नव्या गावात प्रत्येक भिंतीवर ब्लॉक आणि घराचा नंबर रंगवलाय. जुन्या गावात बिराजदारांचं घर कुठलं म्हणून विचारत यावं लागायचं.

नवा ड्रायव्हर मुकुल लिहितो आहे. गेल्या वर्षी पुण्याहून आला. हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. तो म्हणतो, शोधण्याची जुनी पद्धत काढून टाकू. त्याचं कारण खोटं नाही. नव्या संगणकात जुन्या पत्त्यांवर आता दुसरेच लोक राहतात. परवा प्रयोगशाळेत आपल्या पद्धतीने एका दारावर थाप मारली, तर आत नेटवर्कचं कार्ड निघालं. ते बिथरलं आणि अख्खा संगणक गोठला. मुकुल म्हणाला, मॅडम, हे म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून तुम्ही आमचेच का म्हणून विचारणं झालं. सगळे हसले. मीही.

मी त्याला सांगितलं, आधी नावं विचार. ज्या दारावर कुणीच हक्क सांगणार नाही तेवढंच मग वाजव. दोन्ही पद्धती एका ड्रायव्हरमध्ये नांदू शकतात, फक्त क्रम सांभाळायचा. त्याला पटलं. आवडलं नाही.

जुनी पद्धत गेली तर गावातलं केंद्र बंद होईल. तू म्हणशील, झालं तर झालं. म्हणून तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. अव्वा भूकंपानंतर कित्येक वर्षं घराबाहेर पत्र्याखाली निजायची, हे तिचा मुलगा म्हणून तुला माहीत आहे. सरकारी घरात चूल मांडली, देव मांडले, पण पाठ टेकायला बाहेर. तू गेल्यानंतरच्या वर्षी ती आत निजू लागली. मी विचारलं तर म्हणाली, शाळेत मशीन आहे ना. मी तिला समजावलं की मशीन आधी काही सांगत नाही, होऊन गेल्यावर फक्त नोंदतं.

"मला ठाव हाय," म्हणाली. "पर कुनीतरी जागं हाय ना."

आमच्या गटाचे प्रमुख आता अमृतराव सर आहेत. कार्ड तुझं आहे, ते तुझं ऐकतील. त्यांना चार ओळी लिही, की जुनी पद्धत राहू द्या.

सरोजिनी


नांदेड
२ सप्टेंबर २००३

मल्लिकार्जुन,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून क्लासवर फोन केला. एका मुलीने उचलला. कोणत्या बॅचचे पालक, म्हणाली. मी म्हटलं, कोणत्याच नाही. मग तिने विचारलं, ॲडमिशन की डाउट? मी म्हटलं, डाउट. तिने मला मंगळवारी चार वाजता बोलावलं आहे. वही घेऊन यायला सांगितलं.

मी येणार नाही. तुझ्या गल्लीत एकदा येऊन गेले आहे. किनवटपासूनची मुलं तिथे एका खोलीत सहा-सहा कॉट टाकून राहतात. प्रत्येक दारावर कुणाच्या तरी मार्कांचा फलक. तू शिकवतोस ते चांगलंच शिकवत असशील. तुला शिकवता येत होतं हे मला तुझ्या आधी कळलं होतं.

आता ऐक. मुकुलने माझं ऐकून जुनी पद्धत ठेवली, पण ठेवताना झाडून-पुसून ठेवली. चाचणीसाठी आम्ही दोघं निलंग्याहून एसटीने गावात गेलो. संगणक सुरू केला. नव्या पद्धतीने नावं विचारून झाली, जुन्या पद्धतीने दार वाजवून झालं, आणि पडद्यावर आलं, उपकरण आढळले नाही. मुकुलने कार्ड काढून पुसलं, परत बसवलं. तेच. अमृतराव सरांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, मरू द्या, जुनं आहे, गेलं असेल.

कार्ड गेलं नव्हतं. मी मुकुलचा प्रोग्राम उघडून पाहिला. तुझ्या मूळ प्रोग्राममध्ये थाप मारण्याची ओळ तीनदा होती. त्याने दोन पुसल्या होत्या. मी विचारलं का, तर म्हणाला, मॅडम, एकच ओळ तीनदा कोण लिहितं? चुकून चिकटवली असणार.

त्याची चूक नाही. पुण्यात कुणीही तेच केलं असतं.

तू ते कार्ड भूकंपाच्या आधीच्या वर्षी केलंस, पिठाच्या गिरणीची थरथर मोजायला. संगणकात भलते प्रोग्राम भलत्या दारांवर थापा मारत हिंडतात, त्यांना आपल्या कार्डाने फसू नये, म्हणून तू त्याला अव्वाचा नियम शिकवलास. अंधारात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर तीनदा मारील. तुमच्या घरात हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. मला लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. तू हसत हसत ते कार्डात घातलंस, आणि तुझी बहीण शेजारी बसून पाहत होती. सिंधू म्हणाली, "अण्णा, तुझं मशीन बी अंधाराला भितंय व्हय?"

हे मी मुकुलला सांगितलं नाही. कार्डाची सवय आहे, एवढंच म्हटलं. पण दुरुस्ती तिथल्या तिथे करता आली नाही, त्याची साधनं नांदेडला होती. जुना संगणक आम्ही आधीच उतरवून ठेवला होता. संध्याकाळी अव्वाकडे गेले तर तिला शाळेच्या शिपायाकडून कळलं होतं. मशीन निजलं का, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, दोन-चार दिवसांत उठेल. तिने वाकळ उचलली आणि बाहेर नेऊन पत्र्याखाली टाकली. पाऊस होता.

सरोजिनी


नांदेड
१९ सप्टेंबर २००३

मल्लिकार्जुन,

आता दोन्ही पद्धती चालतात. आधी नावं, मग उरलेली दारं, तीन थापा. प्रयोगशाळेतला संगणक गोठत नाही आणि गावातलं कार्ड सापडतं. मशीन चालू झालं. अव्वा दोन दिवस थांबली, मग वाकळ आत घेतली.

पण अमृतराव सरांनी आता वेगळंच काढलं. त्यांचं म्हणणं असं. नव्या कार्डासाठी ड्रायव्हर सांभाळायला कंपनी आहे. जुन्यासाठी कोण आहे? उद्या संगणक बदलतील, प्रणाली बदलेल, तेव्हा ही जुनी पद्धत कुणाच्या भरवशावर ठेवायची? ज्याला कार्ड माहीत आहे अशा माणसाने प्रोग्रामच्या माथ्यावर आपलं नाव घालावं, काही अडलं तर त्याने पाहावं. नाव नसेल तर पद्धत काढायची. "जुनं ठेवायचं तर त्याला वारस दाखवा," असं बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले.

मी माझं नाव दिलं. ते म्हणाले, मॅडम, तुमचं कंत्राट डिसेंबरपर्यंत. हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही, कागद पाहून म्हटलं. इतकी वर्षं दर वेळी वाढलं. यंदा वाढणार नाही हे मला तेव्हाच कळलं. कार्डाचा आराखडा तुझा, जोडणी माझी. पण माझी जोडणी कुठेच लिहिलेली नाही.

तेव्हा तुझं नाव हवं. काम काहीच नाही. वर्षा-दोन वर्षांत कुणी एखादा प्रश्न विचारील, तू एका तासिकेच्या वेळात उत्तर देशील. नोव्हेंबरअखेर ड्रायव्हर सगळ्या केंद्रांवर जाईल. त्याआधी सही लागेल.

अव्वाने तुझ्याबद्दल विचारलं नाही. ती मला कधीच विचारत नाही. मी आले की फक्त माझ्या मागे रस्त्याकडे बघते, आणि मग म्हणते, ये.

सरोजिनी


नांदेड
७ ऑक्टोबर २००३

मल्लिकार्जुन,

तुझ्या क्लासचं पत्र मिळालं. वर सोनेरी अक्षरांत तुझं नाव, खाली शिक्का. ‘सरांच्या व्यस्ततेमुळे आपल्या विनंतीचा विचार करता येणार नाही. आपल्या पाल्याच्या उज्ज्वल यशासाठी शुभेच्छा.’ तुझ्या ऑफिसात कुणीतरी मला पालक समजून नेहमीचा मजकूर छापला, हे कळतं. पण माझी पत्रं तू त्या टेबलावर टाकलीस, हेही कळतं.

तीस सप्टेंबरला मी गावात होते. दहा वर्षं झाली म्हणून मांडव घातला होता, पुढारी आले होते. अव्वा गेली नाही. घरात बसून शेंगा फोडत होती.

तू गावाकडे का जात नाहीस, याबद्दल लोक आपापलं सांगतात. सिंधूची आठवण सहन होत नाही, म्हणून. मीही तेच सांगत आले. आता एक गोष्ट लिहिते. ती अव्वाने मला तू लातूरला गेलास त्या वर्षी सांगितली, आणि मल्लूला सांगू नको म्हणाली. आजवर सांगितली नाही. तुझा शिक्का समोर नसता तर आजही सांगितली नसती.

भूकंपाच्या दिवशी आपण दुपारी पोचलो होतो. तुमच्या माळवदाचा ढीग झाला होता, दगड आणि माती, वर पाऊस. तू ढिगावर चढून सिंधूला एकदा हाक मारलीस. मी खाली उभी होते. तू वाकून कान दिलास. काही आलं नाही. तेवढ्यात शेजारच्या श्रीमंतच्या ढिगातून कण्हणं ऐकू आलं आणि तू तिकडे धावलास. त्याला आणि त्याच्या बायकोला तू नखांनी उकरून जिवंत काढलंस. त्यासाठी तुला मी कधी दोष दिला नाही. जिकडून ओ येते तिकडे माणूस धावतो. तोवर अंधार पडला, आणि आपल्या ढिगात कुणी जिवंत नाही असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी जवानांनी तो उपसला तेव्हा अव्वा जिवंत निघाली आणि सिंधू तिच्या कुशीत गार झालेली.

तू हाक मारलीस तेव्हा सिंधू जिवंत होती. दोघींनी हाक ऐकली. मातीतून येणारा आवाज कुणाचा ते ओळखू येईना. आत काळोख, दिवस की रात्र कळेना. सिंधू ओ देणार होती. अव्वाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब म्हनले," अव्वाने मला सांगितलं. "आनखी दोनदा येऊ दे म्हनले."

त्या थांबल्या.

पहिल्या हाकेला त्या घरातून ओ येणार नाही, हे त्या दिवशी ढिगावरच्या माणसांत फक्त तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं म्हण. मी सून होते, मला शिकवलेलं होतं. तुझ्या अंगात होतं. तू ते यंत्रात घातलं होतंस.

सही कर. निदान यंत्राला तरी कुणीतरी तीनदा हाक मारावी, एवढीच व्यवस्था मी मागते आहे.

सरोजिनी


नांदेड
१२ नोव्हेंबर २००३

मल्लिकार्जुन,

दिवाळीत तू गावात येशील असं मला वाटलं नव्हतं. माहीत असतं तर मी त्या दिवशी गेले नसते.

जे झालं ते दोघांनी पाहिलं, तरी लिहिते, कारण तुझं आणि माझं पुढे वेगळं आठवायला नको. तुझी गाडी पाहून पोरं गोळा झाली. तू चपला दाराबाहेर काढल्यास आणि उंबऱ्यातच बसलास. अव्वाने पाणी दिलं. तू ते प्यायला नाहीस. माझं पत्र खिशात होतं, ते बाहेर न काढता तू तिला विचारलंस. नीट विचारलंस, आवाज न चढवता. मी चुलीशी होते.

अव्वाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे.

"हाक कुठली रे?" ती म्हणाली. "घर बसलं तवाच गेली सिंधू. म्या काय ऐकलं न्हाई."

तू माझ्याकडे वळलास.

"एका ड्रायव्हरसाठी?" एवढंच म्हणालास.

तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली.

मग तू आत आलास. अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवलंस, आणि ती तुझ्या केसांतून हात फिरवत राहिली, पिकले की रे, म्हणत. मी लग्नानंतर तुला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ढिगावरही नाही.

तू गेल्यावर अव्वाने माझ्या भाकरीला हात लावला नाही. डब्यातली शिळी काढून खाल्ली. मी निघाले तेव्हा ये म्हणून म्हणाली नाही. शेंगांचं गाठोडं दरवेळी बांधून ठेवलेलं असतं, ते खुंटीला तसंच होतं. मी मागितलं नाही.

काल अमृतराव सरांनी बोलावलं. तू त्यांना फोन केलास. सही करायला तयार आहेस, पण आधी मी तुला लेखी द्यायचं, की सात ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलेलं खोटं आहे. त्यांना पत्रात काय होतं ते माहीत नाही. तुमचं घरगुती काय ते मिटवा मॅडम, म्हणाले, आणि महिनाअखेर आहे याची आठवण दिली. मुकुल तिथेच होता. बाहेर आल्यावर त्याने मला चहा पाजला.

शिपायाने सांगितलं की तू आता दर रविवारी गावी जातोस, आणि अव्वासाठी पलंग आणलास. ती आत निजते. मशीनमुळे की तुझ्यामुळे, ते मला ठाऊक नाही.

विचार करून कळवते.

सरोजिनी


नांदेड
२२ नोव्हेंबर २००३

मल्लिकार्जुन,

सात ऑक्टोबरच्या पत्रात सिंधूबद्दल मी जे लिहिलं ते खोटं आहे. अव्वाने मला तसं काही कधी सांगितलं नाही. केंद्र बंद पडू नये आणि तू सही करावीस म्हणून मी ते रचलं. सिंधू घर पडतानाच गेली. तुझी हाक कुणीही ऐकली नाही.

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही.

सोबत ड्रायव्हरचं पहिलं पान छापून पाठवते. जुन्या पद्धतीपुढे तुझं नाव घातलं आहे, पत्ता लातूरचा. सही करून थेट अमृतराव सरांना पाठव. डिसेंबरनंतर गावातलं केंद्र मुकुल पाहील. त्याला शाळेची किल्ली कुठे असते ते सांगितलं आहे आणि अव्वाचं घर दाखवून ठेवलं आहे. मला उदगीरला एका शाळेत संगणक शिकवायचं काम मिळालं आहे.

या रविवारी गेलास की हे पत्र अव्वाला वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने हे ऐकावं असं मला वाटत नाही. ती मध्येच राहू दे म्हणेल. थांबू नकोस. खालच्या नावासकट वाच.

सरोजिनी मल्लिकार्जुन बिराजदार